गाडी उभी असताना: मराठवाड्यात ट्रक-बस हाती घेणाऱ्या नव्या ड्रायव्हरसाठी

नवा पोरगा केबिनमध्ये चढला की त्याचा हात आधी स्टेअरिंगवर जातो. मी चढलो तेव्हा उस्तादनं मला तसंच खाली उतरवलं. "आधी गाडीभोवती फिरून ये. काय दिसलं ते सांग." मी फिरून आलो आणि सगळं ठीक आहे म्हणालो. त्यानं दंडाला धरून मला मागच्या डाव्या जोडचाकापाशी नेलं. दोन टायरांच्या बेचक्यात मुठीएवढा दगड अडकला होता. "हा साठच्या स्पीडला सुटला तर मागच्या मोटारसायकलवाल्याच्या कपाळात बसंल," एवढंच बोलला आणि टॉमी, म्हणजे लोखंडी कांब, हातात दिली. दगड काढायला मला पंधरा मिनिटं लागली.

त्यानंतर बावीस वर्षं मी जालन्याहून सळई, कापूस, सोयाबीन, मोसंबी, मिळेल तो माल ओढला. मधे तीन वर्षं बसही चालवली. आता गुडघे बोलायला लागले म्हणून यार्डात नव्या पोरांना शिकवतो. स्टेअरिंग, क्लच, गिअर महिन्याभरात कुणालाही जमतात. माझं शिकवणं बहुतेक गाडी उभी असतानाचं आहे. निघण्याआधी काय बघायचं, किती माल भरू द्यायचा, कधी थांबायचं, कुठं थांबायचं, आणि कोणत्या वेळी चावी मालकाच्या हातात परत ठेवायची. हे त्याच क्रमानं सांगतो.

कागद

हे लवकर उरकू. ट्रान्सपोर्टच्या लायसनला वयाची वीस वर्षं पूर्ण लागतात आणि त्याआधी निदान एक वर्ष हलक्या वाहनाचं लायसन हातात असावं लागतं. या लायसनची मुदत ५ वर्षं. डिझेल, गॅस, अ‍ॅसिडचे टँकर चालवायचे तर वेगळं प्रशिक्षण आणि वेगळी नोंद लागते, तिची मुदत ३ वर्षं. डॉक्टरचा दाखला सही-शिक्क्यापुरता घेऊ नका. डोळे खरोखर तपासून घ्या आणि चाळिशी ओलांडली असेल तर साखरही. समोरच्या लाइटभोवती गोल कडी दिसायला लागली की डोळे दाखवायची वेळ आली समजा. असे किती तरी ड्रायव्हर मला माहीत आहेत जे दिवसा उत्तम चालवतात आणि रात्री अंदाजानं.

गाडीची आरसी, फिटनेस, विमा, परमिट, पीयूसी. मोबाइलवर डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये असतील तरी चालतात, पण बॅटरी संपलेल्या मोबाइलमधले कागद कुणी मानत नाही. फिटनेस गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढं दरवर्षी करावी लागते. "संपलीय, पण आज एक फेरी मारून ये" असं कुणी म्हणालं तर जाऊ नका. अपघात झाला की विमा कंपनी पहिल्यांदा तोच कागद मागते, आणि तेव्हा मालक फोन उचलत नाही.

फेरी

गाडीभोवतीची फेरी रोज एकाच जागेपासून सुरू करायची आणि एकाच दिशेनं पूर्ण करायची. मी ड्रायव्हरच्या दारापासून सुरू करून समोरून क्लीनर साइडला, मग मागून परत येतो. दिशा ठरलेली असली की मधे कुणी हाक मारली तरी आपण कुठं होतो ते विसरत नाही.

आधी जमिनीकडे बघा. रात्रभर गाडी जिथं उभी होती तिथं तेलाचा, पाण्याचा, डिझेलचा डाग आहे का? मग टायर. टॉमीनं प्रत्येक टायर ठोकायचा. हवा भरलेला टायर टणक आवाज देतो, बसलेला बद्द वाजतो. जोडचाकात आतला टायर बसला असला तरी बाहेरचा गाडी उचलून धरतो, म्हणून डोळ्याला कळत नाही, कानाला कळतं. टायरच्या खाचा १.६ मिलिमीटरपेक्षा कमी राहिल्या तर तो टायर कायद्यानंही बाद असतो. खाचेत बारीक उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की समजायचं. रबर चढवलेले टायर पुढच्या चाकांना घालू देऊ नका. मागचा फुटला तर गाडी लंगडते, पुढचा फुटला तर स्टेअरिंग हातातून जातं.

चाकाचे नट बघा. नटाखालून गंजाची तांबूस रेघ बाहेर ओघळलेली दिसली तर नट ढिला आहे. पंक्चर काढून चाक नव्यानं बसवलं असेल तर पन्नास-शंभर किलोमीटरवर थांबून नट पुन्हा आवळा. स्प्रिंगचे पाटे मोजा, एखादा तुटला की गाडी एका अंगाला बसते. मागच्या दिव्यांवर आणि चमकत्या पट्ट्यांवर फडकं मारा. पुढं पांढरी, बाजूला पिवळी, मागं लाल अशी ती पट्टी असते. आपल्याकडच्या काळ्या मातीनं ती दोन दिवसांत झाकून जाते आणि मग असून नसल्यासारखी.

आता केबिनमध्ये. इंजिन चालू करून ब्रेकच्या हवेचं प्रेशर पूर्ण होऊ द्या. इंजिन बंद करा, ब्रेकचं पॅडल दाबून धरा आणि मिनिटभर सुईकडे बघा, कान उघडे ठेवा. सुई सरकायला लागली किंवा कुठून सिस्स ऐकू आलं तर गाडी हलवायची नाही. हवेच्या टाकीतलं पाणी रोज सोडायचं. पावसाळ्यात तर सकाळ-संध्याकाळ, कारण पाणी साठलं की तेवढी हवेची जागा कमी आणि व्हॉल्व्हला गंज.

शेवटी आरसे. क्लीनरला गाडीच्या डाव्या अंगाला, पुढच्या चाकाजवळ उभं करा आणि आपल्या जागेवरून तो दिसतो का बघा. दिसणार नाही. तिथं एक अख्खी मोटारसायकल दोन माणसांसकट मावते. डावीकडे वळताना ही जागा लक्षात ठेवायची.

सगळ्याला वीस मिनिटं लागतात. फिटर जवळ असताना सापडलेला बिघाड दोनशे रुपयांत निघतो, मांजरसुंब्याच्या पुढं रात्री दोन वाजता सापडलेला कितीत निघतो हे सांगता येत नाही.

माल

२०१८ मध्ये केंद्रानं वजनाची मर्यादा वाढवली. सहा चाकी ट्रकचं गाडीसकट वजन १६.२ टनांवरून १८.५ टन झालं, दहा चाकीचं २५ वरून २८.५. तरीही भरणारे त्याच्यावर भरतातच. कायद्यात जादा मालाला २० हजार रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार, आणि जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा. पण दंडाची भीती घालून मी कुणाला सुधारलेलं पाहिलं नाही, कारण दंड मालक भरतो. म्हणून पोरांना ब्रेकचं सांगतो. ब्रेक, पाटे, टायर हे सगळं ठरलेल्या वजनासाठी बनवलेलं असतं. पाच टन जादा घेऊन तुम्ही निघालात की थांबायला लागणारं अंतर वाढतं, आणि ते किती वाढलं हे समोर बैलगाडी आडवी आल्यावरच कळतं.

जालन्याची सळई हा वेगळा विषय आहे. बारा मीटरची सळई सहा चाकी ट्रकच्या हौद्यात मावत नाही, म्हणून मधून वाकवून भरतात. बाहेर लोंबत ठेवून नेता येत नाही. लाल फडकं बांधलं की चालतं हा जुना समज आता सोडा, माल गाडीबाहेर निघाला तर त्यालाही २० हजारांचा दंड आहे. मागच्यासाठी बाहेर आलेली सळई म्हणजे भालाच. पण तुमच्यासाठी खरा धोका तिच्या पुढच्या टोकाचा आहे. सळई घसरते. कचकन ब्रेक मारला की ट्रक थांबतो, सळई थांबत नाही, ती केबिनच्या पाठीवर येते. माझ्या तिसऱ्याच वर्षी अंबडजवळ एक म्हैस आडवी आली, मी पूर्ण ब्रेक दाबला आणि पाठीमागे असा आवाज झाला की कुणी घणानं केबिन ठोकलं. उतरून बघितलं तर दोन बंडल पुढच्या फाळक्याला टेकले होते आणि पत्रा आत वाकला होता. माझ्या मानेपासून वीतभर. भरताना मी चहा प्यायला गेलो होतो, साखळी कुणी किती आवळली ते पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून नियम एक: भरताना तिथंच उभं राहायचं. बंडल पुढच्या फाळक्याला भिडवून ठेवायला सांगायचं, मधे धावायला जागा सोडायची नाही. साखळी दोन ठिकाणी तरी हवी, नुसता दोर सळईच्या धारेवर कापतो. आणि निघाल्यावर वीस-पंचवीस किलोमीटरवर थांबून साखळ्या पुन्हा बघायच्या, कारण गचक्यांनी माल बसतो आणि साखळी ढिली पडते.

कापूस हलका असतो म्हणून उंच रचतात. तो वजनात बसतो पण गावातल्या तारांना लागतो. गाडी वळणावर कलते ती वेगळीच. कापसाच्या गाडीजवळ विडी कुणालाच ओढू द्यायची नाही, भरणाऱ्या हमालांनाही नाही. सोयाबीनच्या पोत्यांना ताडपत्री नीट बांधा. सुटलेली ताडपत्री मागच्या गाडीच्या काचेवर जाऊन बसते.

झोप

१९६१ चा मोटार ट्रान्सपोर्ट कामगार कायदा २०२५ पर्यंत सांगत होता की ड्रायव्हरनं दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास काम करावं, आणि सलग ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती घ्यावी. हे वाचून दाखवलं की यार्डातली पोरं हसतात. हसा, पण कायद्यात हे होतं एवढं माहीत असू द्या. मालकाशी बोलताना कामाला येतं.

पहाटे दोन ते पाच ही वेळ सगळ्यात वाईट. अंगाला ती झोपेची वेळ म्हणूनच माहीत असते, तुम्ही दुपारी कितीही झोपलेले असा. ऐंशीच्या स्पीडला गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. तीन सेकंद डोळा लागला तर ६६ मीटर. सहा एसट्या एकामागे एक उभ्या करा, तेवढं अंतर तुम्ही झोपेत कापलेलं असतं.

झोप सांगून येते, आपण ऐकत नाही. गेला फाटा कधी मागे पडला ते आठवत नाही, चाक पट्टीवरून जाऊन येतं, डिपर द्यायला उशीर होतो, उगाच मान खाजवावीशी वाटते. एकदा गेवराईच्या अलीकडे मला रस्त्यावर पांढरं धोतर नेसलेला म्हातारा दिसला. ब्रेक दाबला, थांबलो. कुणी नव्हतं, किलोमीटरचा दगड होता. गावाकडे याला चकवा म्हणतात. मला तो झोपेचा झटका होता, एवढं मी नंतर शिकलो.

गाणी मोठ्यानं लावणं, खिडकी उघडणं, गुटखा, तोंडावर पाणी, हे सगळं दहा मिनिटांपुरतं. चहाचा उपयोग होतो, पण लगेच नाही. तो अंगात उतरायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. म्हणून चहा प्या आणि तेवढी वीस मिनिटं गजर लावून आडवे व्हा. उठल्यावर झोपही झालेली असते आणि चहाही चढलेला असतो. ढाब्यावर कुणी जागं राहायची गोळी दिली तर घेऊ नका. ती झोप उडवत नाही, झाकते, आणि उतरते तेव्हा एकदम उतरते. रात्री चालवायचं असेल तर जेवण हलकं. भाकरी, पिठलं, ताक चालेल. तर्रीदार मटणाची थाळी मुक्कामाला पोचल्यावर. दारूबद्दल एकच ओळ: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर सापडली की गुन्हा, आणि रात्री उशिरा घेतलेली सकाळी मशीनवर दिसते.

आता अवघड भाग, मालकाचा फोन. "कुठं आहेस? पार्टी वाट बघतीय." नवा पोरगा इथंच फसतो, कारण त्याला नाही म्हणायला लाज वाटते. झोप आली असं सांगूच नका, वाद होतो. वेळ सांगा. "मालक, गेवराईला थांबलोय. सहाला निघतो, साडेअकराला गाडी पोचते." मालकाला पार्टीला काही तरी सांगायचं असतं, ते त्याला मिळालं की तो फोन ठेवतो. दहातले आठ ठेवतात. उरलेल्या दोघांकडे नोकरी करू नका, ड्रायव्हर मिळत नाहीत म्हणून सगळा ट्रान्सपोर्टचा धंदा सध्या रडतोय.

घाट

मराठवाडा सपाट आहे असं बाहेरच्यांना वाटतं. बालाघाटाची रांग मधून गेलीय आणि उत्तरेला कन्नडचा घाट आहे. कन्नडच्या घाटात २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठाच्या आदेशानं जड वाहनांना बंदी आली, म्हणून धुळे-चाळीसगावकडचा माल भरला की निघण्याआधी वळण-मार्ग विचारून घ्या.

उतरताना ज्या गिअरमध्ये ती चढण चढली असती त्याच गिअरमध्ये उतरायचं, आणि तो गिअर उतार लागण्याआधी टाकायचा. मधे बदलायला गेलात आणि गिअर पडला नाही तर गाडी मोकळी सुटते. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाच्या धुराची वाट अडवून गाडी रोखणारा) असेल तर तो लावा. पायाचा ब्रेक सलग दाबून ठेवू नका. दाबा, स्पीड उतरवा, सोडा. पाय ठेवूनच राहिलात तर ड्रम तापतो, जळका वास येतो आणि मग पॅडल दाबलं तरी गाडी ऐकत नाही. सारखं पंप केलं तर हवा संपते. न्यूट्रलमध्ये उतरवून डिझेल वाचवणारे अजून आहेत. नव्या इंजिनात गिअरमध्ये असताना रेसवरून पाय काढला की डिझेल बंदच होतं, न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जातं. म्हणजे जीव घालून वर डिझेलही जादा.

ब्रेक गेलाच तर खालचा गिअर, आणि गाडी डोंगराच्या अंगाला घासत न्या. पत्रा जातो. पत्रा येतो परत.

समृद्धी

७०१ किलोमीटरचा रस्ता, २०२२ च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि २०२५ च्या जूनमध्ये मुंबईच्या बाजूचा शेवटचा टप्पा. जालन्याहून किंवा संभाजीनगरहून वर चढलं की मोकळंच मोकळं. ना फाटा, ना बैलगाडी, ना स्पीडब्रेकर. नव्या पोरांना स्वर्ग वाटतो. मला सगळ्यात जास्त भीती तिथंच वाटते. डोळ्यांना काम नसलं की डोकं निजतं, डोळे उघडे असून.

चढण्याआधी टायर हातानं बघा. मे महिन्यात आपल्याकडे ४२-४३ अंश तापमान असतं, काँक्रीट तापलेलं असतं आणि गाडी तासन् तास एकाच स्पीडला पळते. कमी हवेचा टायर अशा वेळी जास्त चेपतो, जास्त तापतो आणि फुटतो. गरम टायरची हवा वाढलेली दिसली म्हणून काढू नका, थंड झाल्यावर ती कमी पडते. टायर फुटलाच तर ब्रेक नको. स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट, रेसवरून पाय बाजूला, गाडी आपसूक हळू होऊ द्या.

मालाच्या गाडीला मर्यादा ८० ची. डाव्या लेनमध्ये राहा. दर दोन तासांना कुठं उतरायचं ते आधी ठरवा, कारण चहाची टपरी वाटेत भेटणार नाही. आणि कडेला उभं राहून झोपायचं नाही. वैजापूरजवळ ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रवाशांची मिनीबस रात्री ट्रकला मागून धडकली, १२ जण गेले. मागून येणाऱ्याला पुढची गाडी चालू आहे की उभी हे अंधारात फार उशिरा कळतं.

हंगाम

ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून ऊस सुरू होतो. दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, बाहेर आलेला ऊस, मागचा दिवा वाड्यानं, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्यानं, झाकलेला. पहाटे बैलगाड्यांची रांग कारखान्याकडे निघते, तिला दिवाच नसतो. बीड, परभणी, लातूर, धाराशिवच्या रस्त्यांवर या चार-पाच महिन्यांत रात्रीचा स्पीड असा ठेवायचा की आपल्या लाइटचा उजेड पोचतो तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे. समोरून एकच दिवा आला तर मोटारसायकल समजू नका, एक दिवा गेलेला ट्रक धरून चाला. ट्रॉलीला ओव्हरटेक करताना अर्धा रस्ता मोकळा सोडा, मागची ट्रॉली शेपटीसारखी हलते.

खरीप निघाला की गावाजवळ रस्त्यावरच सोयाबीन, तूर मळायला टाकतात. बाजूनं निघा, वरून नाही. काड गाडीच्या जॉइंटला गुंडाळतं, सायलेन्सरला लागतं आणि पेट घेतं. शिव्या देण्यात वेळ घालवू नका, तो शेतकरीही कुणाचा तरी सासरा असतो.

नवरात्रात रात्री पोरं तुळजापूरहून ज्योत घेऊन पळत येतात, पुढं एक जण, मागं टेम्पो. कोजागिरीच्या आसपास सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर हजारो माणसं चालत असतात. त्या दिवसांत वाहतूक वळवतात, तपास करून निघा.

आणि पाऊस. जूनमध्ये ट्रॅक्टरच्या चाकानं शेतातला चिखल डांबरावर येतो. काळी माती ओली झाली की साबण. पुलावरून पाणी चाललं असेल तर थांबा, कितीही ओळखीचा ओढा असो. २०२५ च्या सप्टेंबरात धाराशिव-बीडकडे काय पाणी आलं ते आपण पाहिलं. पाणी गाडीला आधी उचलतं, मग ढकलतं, आणि खाली रस्ता उरलाय का ते वरून दिसत नाही.

बस चालवणाऱ्यांना

बसचा माल स्वतःहून चढतो, उतरतो आणि दारात उभा राहतो. एसटीत एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. खासगी गाडीतही क्लीनरशी असंच काही तरी ठरवून घ्या, "चलो चलो"वर गाडी हलवू नका. दार बंद झाल्याशिवाय चाक फिरवायचं नाही. मागं घेताना कुणी तरी खाली उतरून शिट्टी मारलीच पाहिजे. शाळा सुटल्यावर फाट्यावर पोरं बसच्या पुढूनच रस्ता ओलांडतात, आणि बोनेट नसलेल्या गाडीतही अगदी पुढ्यातलं लहान पोर दिसत नाही.

१ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ, आपल्या जालन्याच्या पलीकडेच, समृद्धीवर खासगी बस उलटून पेटली आणि २५ जण गेले. बस दाराच्या अंगावर पडली होती. वाचले ते काचा फोडून निघाले. म्हणून प्रवास सुरू होताना दोन मिनिटं उभं राहून सांगा: संकटकाळी बाहेर पडायचं दार इथं, काच फोडायचा हातोडा इथं. लोक मोबाइलमधून मान वर करणार नाहीत, तरी सांगा. त्या दारापुढं बोचकी, पार्सल, जादा सीट ठेवू देऊ नका. ट्रॅव्हल्समध्ये मी यावरून दोनदा भांडलो, एकदा काम गेलं.

अपघात झाला तर

गाडी थांबवा, इंजिन बंद, चारही इंडिकेटर चालू. १०८ ला फोन, मग ११२. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. जखमी गाडीत अडकला असेल आणि आग नसेल तर ओढू नका. तोंडात पाणी घालू नका. त्याला पैशाची काळजी असेल तर सांगा, २०२५ पासून रस्ता अपघातातल्या जखमीला पहिले ७ दिवस दीड लाखापर्यंतचा इलाज पैसे न भरता मिळायची योजना आहे.

जमाव जमला आणि अंगावर यायला लागला तर? मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ ड्रायव्हरला जखमीच्या उपचाराची सोय करायला सांगतं, पण जमावाच्या संतापामुळं ते शक्य नसेल तर तशी सूटही देतं. अशा वेळी सरळ जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन बसा आणि काय झालं ते सांगा. जमत नसेल तर जास्तीत जास्त २४ तासांच्या आत. ठाण्यात जाणं आणि पळून जाणं यात कोर्टात फार फरक पडतो. २०२४ च्या जानेवारीत ज्या कलमावरून ड्रायव्हरांनी संप केला आणि पंपांवर रांगा लागल्या, ते न कळवता पळून जाण्याबद्दलचंच होतं. नवा कायदा, म्हणजे भारतीय न्याय संहिता, १ जुलै २०२४ ला लागू झाला तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवलं. पण निष्काळजीपणानं मृत्यू झाला तर पाच वर्षांपर्यंतची शिक्षा आहेच.

गाडी बंद पडली तर

शक्य असेल तोवर तिला ढाबा, पंप, फाटा इथपर्यंत न्या. डांबर सोडून खाली उतरवताना आधी पायानं माती दाबून बघा. पावसाळ्यात काळ्या मातीत भरलेल्या ट्रकचं चाक रुतलं की गाडी नुसती फसत नाही, कलते.

रस्त्यावरच राहिली तर चाकांना लाकडी गुटके, चारही इंडिकेटर, आणि लाल त्रिकोण मागं शंभर पावलं तरी. वळण असेल तर त्रिकोण मागून येणाऱ्याच्या बाजूनं वळणाच्या अलीकडे, पलीकडे नाही. चमकणारं जॅकेट घाला. क्लीनरला गाडीमागं उभं करू नका, आणि केबिनमध्ये झोपू तर अजिबात देऊ नका. दोघंही रस्त्यापासून दूर, बांधावर बसा. गाडीखाली शिरायचं झालं तर नुसत्या जॅकच्या भरवशावर नाही, खाली गुटका लावून.

त्रिकोण नसला की आपण दगड मांडतो, बाभळीची फांदी टाकतो. मांडा, काहीच नसण्यापेक्षा बरं. पण आमच्या गावचा एक जण रात्री मोटारसायकलवरून अशाच दगडावर गेला आणि दोन महिने दवाखान्यात पडला. ज्या ट्रकसाठी ते दगड मांडले होते तो संध्याकाळीच दुरुस्त होऊन निघून गेला होता. म्हणून गाडी चालू झाली की तिला रेस करत तसंच निघू नका. आधी मागं चालत जा, त्रिकोण घ्या, फांदी बांधाकडे फेका, दगड एकेक मोजून उचला. जेवढे मांडले तेवढे निघाले की मग वर चढा.